तारीफ-इ-हुसेनशाही

अहमदनगरचा तिसरा निजामशाह पहिला हुसेन (कार. १५५३–६५) व त्याची राणी खुंजा हुमायून यांची स्तुती करणारे फार्सी मसनवी काव्य आणि त्याची सचित्र हस्तलिखित प्रत. काव्याचा कर्ता आफताबी हा कवी होय. ‘तारीफ-इ-हुसेनशाह बादशाह-इ-दख्खन’ या नावानेही ही रचना ओळखली जाते. रचनाकाल इ. स. १५६५ ते १५६९ यांच्या दरम्यानचा मानला जातो. हस्तलिखित पुणे येथील भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात असून त्यातील मूळच्या चौदा चित्रांपैकी बारा चित्रे उरलेली आहेत. दख्खनी चित्रशैलीच्या आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या कृतींत या चित्रांची गणना होते. काव्यातील नायक-नायिका कल्पित नसून गादीवर बसलेले राजा व राणी आहेत. त्यांचा शृंगार आणि राजाचा युद्धविजय हे दोन्ही विषय एकाच ग्रंथात रंगविलेले आहेत. राणीची आकृती मात्र बहुतेक चित्रांतून पुढे कोणीतरी पुसून टाकली. त्यामुळे हा ग्रंथ कलेच्या इतिहासाइतकाच राजकीय इतिहासाचाही महत्त्वाचा दस्तऐवज ठरला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : बहमनी राज्याच्या पडत्या काळात, १४९० मध्ये, मलिक अहमद याने निजामशाहीची स्थापना केली व १४९४ च्या सुमारास भिंगारजवळ अहमदनगर हे शहर वसविण्यास प्रारंभ केला. त्याचा पुत्र पहिला बुऱ्हाण याच्या दीर्घ कारकीर्दीत (१५१०–५३) इराणमधून आलेल्या विद्वानांचा व मुत्सद्द्यांचा दरबारावर मोठा प्रभाव पडला. शाह ताहिर या विद्वानाच्या प्रेरणेने बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला. फार्सी ही दरबाराची साहित्यभाषा होतीच. तिच्यातील काव्यसंकेत, ग्रंथ सजविण्याची पद्धत आणि बागांची आवड यांनाही या काळात अहमदनगरात स्थान मिळाले. त्याच वेळी राज्याच्या कारभारात स्थानिक मराठी भाषकांचा वाटा मोठा होता. तारीफ-इ-हुसेनशाहीच्या चित्रांत या दोन्ही परंपरांच्या खुणा दिसतात.

निजामशाहीचा मुख्य मुलूख पर्जन्यछायेत मोडणारा होता. अहमदनगरहून पुण्याकडे जाणाऱ्या वाटेवरील पारनेर तालुक्यातील सुपा व त्याच्या आसपासची माळराने आजही अवर्षणासाठी परिचित आहेत. अशा प्रदेशात पाणी खेळविणारी बाग हे राजसत्तेचे ठळक लक्षण ठरे. शहराला व राजवाड्यांना दूरच्या उगमांपासून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणण्याची व्यवस्था निजामशाही काळात उभी राहिली. पुढे १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबागेचा महाल हा याच परंपरेतला आहे. काव्यात व चित्रांत येणारी फुललेली झाडे आणि उद्याने यांकडे केवळ फार्सी संकेत म्हणून न पाहता या भूगोलाच्या संदर्भातही पाहावे लागते.

हुसेन निजामशाहाची कारकीर्द युद्धांत गेली. १५६० च्या सुमारास विजयानगरचा सूत्रधार रामराजा आणि विजापूरचा पहिला अली आदिलशाह यांच्या संयुक्त सैन्यांनी अहमदनगरवर स्वाऱ्या केल्या. त्यांत मुलखाची मोठी नासाडी झाली आणि हुसेनला अपमानकारक तह करावा लागला. रामराजाच्या हातून विडा घेण्याचा प्रसंग हुसेनवर आला व तो त्याला फार झोंबला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. याच काळात हुसेनने अहमदनगरच्या किल्ल्याचा तट दगडी बांधणीचा करून घेतला.

पुढे दख्खनच्या सुलतानांनी आपसांतील वैर आवरून विजयानगरविरुद्ध एकजूट केली. ती विवाहसंबंधांनी पक्की करण्यात आली. हुसेन व खुंजा यांची कन्या चांदबीबी हिचा विवाह अली आदिलशाहाशी झाला व आंदणात सोलापूरचा किल्ला विजापूरला मिळाला; उलट अलीची बहीण हुसेनचा पुत्र मुर्तजा यास देण्यात आली. गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशाहाशीही अशीच सोयरीक जुळली. जानेवारी १५६५ मध्ये कृष्णेकाठी झालेल्या तालिकोट वा राक्षसतागडी या नावाने प्रसिद्ध असलेल्या लढाईत विजयानगरचा पराभव झाला. रामराजा पकडला गेला व हुसेनसमोर त्याचा शिरच्छेद करण्यात आला. या विजयानंतर काही महिन्यांतच, १५६५ मध्येच, हुसेन मरण पावला. मुर्तजा (कार. १५६५–८८) अल्पवयीन असल्यामुळे राज्याची सूत्रे त्याची आई खुंजा हुमायून हिच्या हाती आली. काव्याची व चित्रांची निर्मिती या संधिकाळातील आहे.

काव्य : मसनवी हा दोन-दोन चरणांचे यमक साधत पुढे जाणारा फार्सी काव्यप्रकार होय. दीर्घ कथानकासाठी तो सोयीचा असल्याने फार्सीतील वीरकथा व प्रेमकथा बहुधा याच प्रकारात रचल्या गेल्या. बाराव्या शतकातील निजामी या कवीने खुस्रौ व शीरीन आणि लैला व मजनू यांच्या कथांना दिलेले रूप पुढील कवींना व चित्रकारांना आदर्शवत ठरले. इराण व हिंदुस्थान येथील दरबारांत या कथांच्या सचित्र प्रती शतकानुशतके तयार होत राहिल्या.

आफताबीने हा साचा स्वीकारला, परंतु नायक-नायिकेच्या जागी आपल्या काळातील राजा-राणी बसविले. राजाची थोरवी, राणीचे रूपवर्णन, त्यांचा विवाह व सहवास यांना काव्यात ऐसपैस जागा मिळाली असून पुढे विजयानगरवरील स्वारी व रामराजाचा वध यांचे वर्णन येते. नायिकेचे अवयवशः वर्णन हा फार्सी व संस्कृत या दोन्ही काव्यपरंपरांना समान असलेला संकेत येथे सहज सामावला आहे. काव्याची रचना पाहता शृंगार हा युद्धवर्णनाला जोडलेला अलंकार नाही. राजाचे वैभव त्याच्या राणीमुळे पूर्णत्वास जाते आणि त्याचा पराक्रम त्यानंतर प्रकट होतो, अशी ही मांडणी आहे.

यातील वेगळेपण लक्षात घेण्याजोगे आहे. मुस्लिम राजदरबारांत राजस्त्रियांची नावे व रूपे सर्वांसमोर येऊ न देण्याकडे कल असे. राजाच्या स्तुतिकाव्यात त्याच्या विवाहित राणीचे सविस्तर रूपवर्णन करणे आणि त्यास अनुसरून तिची चित्रे काढणे, ही गोष्ट विरळाच होय. त्यातही हुसेनला आणखी राण्या होत्या; वऱ्हाडच्या दर्या इमादशाहाची कन्या त्यांपैकी एक. तथापि काव्यात मध्यवर्ती स्थान मिळाले ते एकट्या खुंजा हुमायूनला. ती अझरबैजानच्या करा-कोयुन्लू घराण्यातील जहान शाह याच्या वंशातील मानली जाई. हुसेनच्या मृत्यूनंतर राज्यकारभार तिच्याकडे असल्यामुळे, काव्याचा व प्रतीचा संबंध अभ्यासक तिच्या आश्रयाशी जोडतात.

चित्रे : चित्रांचे विषयदृष्ट्या दोन गट पडतात. एका गटात राणीसह सिंहासनावर बसलेला राजा, विवाहाचा सोहळा, राणी व तिच्या सख्या असे अंतःपुराशी निगडित प्रसंग आहेत. दुसऱ्या गटात विजयानगरविरुद्धच्या लढाईचे प्रसंग असून त्यांत रामराजाच्या शिरच्छेदाचाही समावेश आहे. कलादृष्ट्या पहिला गट अधिक सरस मानला जातो. युद्धचित्रांत घोडे, हत्ती व सैनिक यांची दाटी असली, तरी त्यांची रचना ठरीव स्वरूपाची आहे. राणीच्या चित्रांत रंग आणि रेषा यांना जी प्रसन्नता लाभली आहे, ती तेथे आढळत नाही.

शैलीचे घटक मिश्र आहेत. उंचावर नेलेली क्षितिजरेषा, सोनेरी आकाश व झुडपांनी भरलेली भूमी हे विशेष इराणी चित्रांतून आलेले आहेत. स्त्रियांच्या आकृत्या मात्र एतद्देशीय आहेत. त्या उंच व सडपातळ असून त्यांच्या अंगात चोळी आहे. वस्त्र साडीसारखे नेसलेले आहे आणि गोंड्यांनी शेवट केलेली लांब वेणी पाठीवर रुळते. चेहरे एका बाजूने दाखविलेले असून डोळे मोठे आहेत. या स्त्रीरूपांचे नाते माळव्यात व उत्तर हिंदुस्थानात मोगलांपूर्वी प्रचलित असलेल्या चित्रपरंपरेशी जोडले जाते. विजयानगरच्या दक्षिणी परंपरेचाही काही अंश त्यांत अभ्यासकांना दिसतो. लाल, केशरी, पिवळा, निळा असे तेजस्वी रंग सपाट पट्ट्यांत लावलेले आहेत. छायाप्रकाशाने गोलाई दाखविण्याचा प्रयत्न नाही. मोगल चित्रशाळेचा प्रभाव दख्खनमध्ये पोहोचण्यापूर्वीची ही चित्रे असल्याने दख्खनी शैलीच्या घडणीचा टप्पा त्यांत स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

दोहद : या प्रतीतील सर्वांत प्रसिद्ध चित्र दोहदाचे होय. रूपवती स्त्रीच्या स्पर्शाने वा पदाघाताने वृक्षाला बहर येतो, हा प्राचीन भारतीय कविसंकेत म्हणजे दोहद. अशोक वृक्ष सुंदरीच्या लत्ताप्रहाराने फुलतो, तर बकुळ तिने शिंपडलेल्या मद्याने, असे संस्कृत कवी मानीत. कालिदासाच्या मालविकाग्निमित्र या नाटकात मालविका अशोकाचे दोहद पुरविते आणि त्या प्रसंगाभोवतीच कथानक फिरते. शिल्पकलेत भारहूत व सांची येथील वृक्षाची फांदी धरून उभ्या असलेल्या यक्षी आणि शालभंजिका या कल्पनेशी संबंधित आहेत. गर्भवतीची इच्छा असाही दोहद या शब्दाचा अर्थ असून मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द त्यापासूनच आला आहे.

सोळाव्या शतकातील फार्सी स्तुतिकाव्याच्या प्रतीत ही कल्पना यावी, हे दख्खनच्या संमिश्र संस्कृतीचे बोलके उदाहरण आहे. करा-कोयुन्लू वंशाचा अभिमान बाळगणारी राणी येथे चोळी व साडी नेसलेल्या शालभंजिकेच्या रूपात अवतरते आणि तिच्या स्पर्शाने झाड बहरते. फार्सी प्रेमकाव्यातही प्रियेला वसंताची व उद्यानाची उपमा दिली जाते. त्यामुळे दोन्ही परंपरांच्या वाचकाला हे चित्र आपापल्या परीने समजत असावे. त्यात एक राजकीय अर्थही अनुस्यूत आहे. दोहदाचा संबंध सुफलतेशी आहे. राजाच्या संततीची माता आणि म्हणून राज्याच्या भावी काळाची पालक, हे राणीचे स्थान चित्रातून सूचित होते. अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्य करणाऱ्या स्त्रीच्या अधिकाराचा पाया नेमका हाच होता.

खुंजा हुमायूनची राजवट व राणीच्या आकृतीचे विलोपन : खुंजा हुमायून हिने १५६५ ते १५६९ या काळात निजामशाहीचा कारभार पाहिला. ती स्वतः दरबार भरवी आणि मुर्तजाबरोबर सैन्यासह मोहिमांवरही जाई. तथापि तिने ऐन-उल्-मुल्क व ताजखान या आपल्या भावांना मोठे अधिकार व जहागिरी दिल्या. त्यामुळे जुने सरदार दुखावले. तालिकोटच्या विजयानंतर दोस्तांमधील एकी टिकली नाही. विजापूरचा सरदार किश्वरखान याने सरहद्दीवर धारूर (जि. बीड) येथे किल्ला बांधून निजामशाही मुलूख काबीज करण्यास सुरुवात केली. त्याला आवर घालण्यात आलेले अपयश राणीच्या विरोधकांच्या पथ्यावर पडले.

फिरिश्ताच्या वृत्तांतानुसार सरदारांनी मुर्तजाची संमती मिळवून राणीला पकडण्याचा घाट एकदा घातला होता. परंतु मुर्तजाने भीतीपोटी आईलाच सर्व सांगून टाकल्याने तो फसला. १५६९ मध्ये दुसरा प्रयत्न यशस्वी झाला. खुंजा हुमायून कैद झाली व मुर्तजाने सत्ता आपल्या हाती घेतली. त्यानंतर त्याने धारूरवर चाल केली. त्या युद्धात किश्वरखान मारला गेला.

या घटनांचे प्रतिबिंब हस्तलिखितावर पडले आहे. राणी ज्या ज्या चित्रांत राजासमवेत होती, त्यांपैकी बहुतेकांत तिची आकृती पुसण्यात वा रंगाखाली झाकण्यात आली. राजा, दासी, सिंहासन, मंडप व वृक्ष यांना हात लावलेला नाही. मधली एकच आकृती नाहीशी केलेली आहे. काही ठिकाणी खाली उरलेल्या बाह्यरेषेवरून ती कोठे व कशी बसली होती, हे ओळखता येते. हे काम तिच्या पदच्युतीनंतर झाले असावे, असा तर्क केला जातो. पडदा न पाळता दाखविलेल्या राजस्त्रीचे चित्र पुढील काळात अनुचित वाटले असावे, असेही त्याचे एक कारण संभवते. ही दोन्ही कारणे परस्परांना पूरक आहेत. कारण राणी दरबारात उघडपणे वावरे, हाच तिच्या विरोधकांच्या नाराजीचा एक भाग होता.

विलोपन करणाऱ्याने काय ठेवले, हेही महत्त्वाचे आहे. ग्रंथ फाडला वा जाळला गेला नाही. काव्यातील राणीच्या स्तुतीच्या ओळी राहिल्या. लढाईची चित्रे राहिली. दोहदाच्या चित्रातील स्त्रीही टिकून राहिली. राजाच्या शेजारी सिंहासनावर बसलेली स्त्री कोण, याविषयी कोणाला शंका असणे शक्य नव्हते. वृक्षाशेजारी उभी असलेली स्त्री मात्र जुन्या कविसंकेतातील कोणतीही सुंदरी म्हणून पाहता येण्याजोगी होती. रोख स्त्रीसौंदर्याच्या चित्रणावर नसून राजासोबत तिने घेतलेल्या जागेवर होता, असा निष्कर्ष यावरून काढता येतो. सिंहासनावरील युगुलाचे चित्र हे शृंगाराचे चित्र होते, त्याचप्रमाणे ते राज्याधिकाराचे विधानही होते. आणि ते विधान मागे घेण्यासाठीच आकृती पुसली गेली.

यूरोपातील समकालीन परंपरेशी तुलना : प्रेमकथा व युद्धकथा एकाच महाकाव्यात गुंफून तिच्यावरून युगुलांची चित्रे काढण्याची प्रथा याच शतकात इटलीतही बहरली. फेरारा येथील एस्ते घराण्याच्या आश्रयाने लुदोव्हीको आरिओस्तो याने ओर्लान्दो फ्यूरिओसो (१५१६, अंतिम आवृत्ती १५३२) हे महाकाव्य रचले. त्याच दरबारातील तोर्क्वातो तास्सो याचे जेरुसालेम्मे लिबेराता हे महाकाव्य तालिकोटच्या लढाईनंतर दहा वर्षांनी, १५७५ मध्ये, पूर्ण झाले व १५८१ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात शार्लमेनच्या काळातील कल्पित युद्धांची पार्श्वभूमी आहे, तर दुसऱ्यात पहिल्या धर्मयुद्धाची (१०९६–९९).

सतराव्या शतकातील बरोक चित्रकारांना या काव्यांतील युगुलांचे विशेष आकर्षण वाटले. आंजेलिका ही राजकन्या सामान्य सैनिक असलेल्या जखमी मेदोरोवर अनुरक्त होते आणि दोघे झाडांच्या साली कोरून आपली नावे लिहितात. मायाविनी आर्मीदा वीर रिनाल्दोला आपल्या उद्यानात गुंगवून ठेवते. शस्त्रे बाजूला ठेवून तो तिच्यासमोर आरसा धरून बसतो आणि त्याला युद्धाकडे परत नेण्यासाठी आलेले दोन सहकारी झाडीआडून हे दृश्य पाहतात. जखमी तांक्रेदीच्या जखमा बांधण्यासाठी एर्मीनिया स्वतःचे केस तलवारीने कापते. आन्नीबाले काराच्ची (नेपल्स येथील चित्र, सु. १६०१) व दोमेनिकीनो यांनी रिनाल्दो-आर्मीदाची उद्यानातील भेट रंगविली. ग्वेर्चीनोने १६१८–१९ मध्ये एर्मीनिया व तांक्रेदी यांचे चित्र काढले. रोममध्ये स्थायिक झालेला फ्रेंच चित्रकार नीकॉला पूसँ याने निद्रिस्त रिनाल्दोला मारण्यास आलेल्या आर्मीदाच्या मनात प्रेम जागे होते तो क्षण निवडला (सु. १६२८–३०). फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक याचे याच विषयावरील चित्र १६२९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या संग्रहात गेले.

शैलीच्या दृष्टीने दोन परंपरांत मोठे अंतर आहे. बरोक चित्रकार एक निर्णायक क्षण निवडतो. तिरप्या रचनेने, हालचालीने आणि प्रखर छायाप्रकाशाने तो प्रेक्षकाला त्या क्षणात ओढून घेतो. अहमदनगरचा चित्रकार क्षणापेक्षा स्थिती दाखवितो. त्याच्या आकृत्या स्थिर असतात, प्रकाश सर्वत्र सारखा असतो आणि प्रसंगाचा अर्थ कोण कोठे बसले आहे यावरून उलगडतो. कथेतील युद्ध व प्रेम यांचा संबंधही भिन्न आहे. तास्सोच्या काव्यात उद्यान हे वीराला कर्तव्यापासून दूर नेणारे स्थळ आहे. म्हणून रिनाल्दोला आर्मीदाचा त्याग करावा लागतो. आफताबीच्या काव्यात उद्यान व अंतःपुर राजाच्या विजयाच्या आड येत नाहीत, तर त्याची सिद्धता करतात.

एक साम्य मात्र महत्त्वाचे आहे. इटालियन महाकाव्यांतील प्रेमकथांनाही राजवंशाचा हेतू जोडलेला होता. आरिओस्तोने रुज्जेरो व ब्रादामान्ते या युगुलाला एस्ते घराण्याचे मूळ पुरुष व मूळ स्त्री ठरविले, तर तास्सोने रिनाल्दोला त्याच घराण्याचा पूर्वज म्हणून गौरविले. १५९८ मध्ये एस्ते घराण्याला फेरारा गमवावे लागले व ते नगर पोपच्या राज्यात विलीन झाले. परंतु त्यामुळे रिनाल्दो व आर्मीदा यांच्या चित्रांना बाध आला नाही. उलट त्यांचा सुवर्णकाळ त्यानंतरचा आहे. नायक-नायिका दंतकथेतील असल्याने आश्रयदात्याच्या उत्कर्षापकर्षापासून ती अलग होऊ शकली आणि रोम, पॅरिस व लंडन येथील रसिकांनी ती आपलीशी केली. अहमदनगरच्या युगुलाला ही मोकळीक नव्हती. नायिका हयात होती, तिच्या हाती राज्य होते व चित्र तिच्या सत्तेला बांधलेले होते. सत्ता गेल्यावर चित्रातील जागाही गेली.

नंतरची परंपरा : युगुलचित्रांची दख्खनमधील वाटचाल येथेच थांबली नाही, तथापि पुढील चित्रकारांनी कल्पित वा सांकेतिक नायक-नायिका निवडल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर दख्खनमध्ये तयार झालेल्या रागमाला चित्रांत हिंदोल रागासारख्या विषयांतून प्रेमी युगुले येतात. त्यांतील स्त्रियांचा पेहराव, लांब वेण्या व तेजस्वी रंग यांवरून तारीफ-इ-हुसेनशाहीशी असलेले त्यांचे नाते ओळखता येते. विजापूर येथे हसन मंझू खलजी याच्या पेम नेम (सोळाव्या शतकाची अखेर) या दख्खनी प्रेमकाव्याची सचित्र प्रत तयार झाली. ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तीत विरही नायकाच्या छातीवर प्रियेची प्रतिमा रेखाटून तिचा त्याच्या हृदयातील वास दाखविला आहे. विजापूरचाच कवी नुस्रती याने १६५७ च्या सुमारास मनोहर व मधुमालती यांच्या कथेवर गुलशन-इ-इश्क ही मसनवी रचली. तिच्या अनेक सचित्र प्रती झाल्या असून १७४३ ची एक प्रत अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील कलासंग्रहालयात आहे.

अहमदनगरच्या दरबारात मुर्तजाच्या काळी व्यक्तिचित्रणाला महत्त्व आले. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील, मुर्तजाचे म्हणून ओळखले जाणारे सिंहासनस्थ सुलतानाचे चित्र त्या काळातील दख्खनी चित्रकलेचा उत्कृष्ट नमुना होय. खुंजा हुमायूनच्या कन्येचे भाग्य आईहून निराळे ठरले. विजापूर व अहमदनगर या दोन्ही राज्यांचा कारभार पाहिलेल्या आणि १५९५–९६ मध्ये मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढविणाऱ्या चांदबीबीचा १६०० मध्ये तिच्याच लोकांकडून वध झाला. परंतु घोड्यावर स्वार होऊन बहिरी ससाण्यासह शिकारीस निघालेली चांदबीबी हा अठराव्या शतकातील दख्खनी चित्रकारांचा आवडता विषय बनला. तिच्या आईच्या राज्यकारभाराचे समकालीन चित्ररूप मात्र पुसलेल्या आकृतींच्या रूपानेच उरले आहे.

अभ्यास व महत्त्व : वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात या हस्तलिखिताचे जतन झाल्याने ते विद्वानांना उपलब्ध झाले. स्टेला क्रामरिश यांच्या दख्खनी चित्रकलेवरील सर्वेक्षणानंतर (१९३७) कलेतिहासात दख्खनचा स्वतंत्रपणे विचार होऊ लागला. मार्क झेब्रोव्हस्की यांनी आपल्या दख्खनी चित्रकलेवरील ग्रंथात (१९८३) अहमदनगरच्या चित्रांची शैलीदृष्ट्या चिकित्सा केली. गो. त्र्यं. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनी संपादिलेली, मूळ संहिता, इंग्रजी भाषांतर व चिकित्सक प्रस्तावना यांसह सिद्ध झालेली काव्याची आवृत्ती मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यामुळे काव्य व चित्रे यांचा एकत्रित अभ्यास शक्य झाला.

इतिहासाचे साधन म्हणून या ग्रंथाचे मोल तीन प्रकारचे आहे. तालिकोटच्या लढाईचे, विजयी पक्षाच्या दरबारातून आलेले हे जवळपास समकालीन वर्णन आहे. अर्थात स्तुतिकाव्य असल्याने त्यातील अतिशयोक्ती लक्षात घेऊनच त्याचा उपयोग करावा लागतो. पोशाख, अलंकार, वाद्ये, शस्त्रे व वास्तू यांविषयी चित्रांतून माहिती मिळते आणि फार्सी व भारतीय संकेत निजामशाहीत कसे एकरूप होत होते, हे दोहदाच्या चित्रावरून कळते. तिसरी गोष्ट राणीच्या स्थानाची. खुंजा हुमायूनच्या चार वर्षांच्या कारभाराचे बखरकारांनी केलेले वर्णन बहुतांशी प्रतिकूल आहे. स्वतः फिरिश्ता अहमदनगरच्या दरबारात वाढला व मुर्तजाच्या पदरी होता, ही गोष्ट त्या संदर्भात विसरता येत नाही. राणीच्या बाजूने बोलणारी काव्यासारखी साधने थोडी आहेत. तारीफ-इ-हुसेनशाही हे त्यांतील प्रमुख होय. काव्यात ती राजाची सहधर्मचारिणी म्हणून पूर्णपणे उपस्थित आहे. चित्रांत तिची रिकामी जागा तिच्या अधिकाराची आणि तो नाहीसा करण्याच्या प्रयत्नाची, अशी दुहेरी साक्ष देते.

निजामशाहीची चित्रे संख्येने थोडी उरली आहेत. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेले व १६३६ मध्ये राज्यच संपुष्टात आले. त्या धामधुमीत दरबारी ग्रंथसंग्रह विखुरला. अशा स्थितीत निश्चित राजा, निश्चित राणी, निश्चित घटना आणि जवळपास निश्चित काळ सांगणारी ही सचित्र प्रत अहमदनगरच्या, तसेच एकंदर दख्खनी चित्रकलेच्या कालनिर्णयाचा आधार ठरली आहे. शहराचे नाव आता अहिल्यानगर असे झाले असले, तरी कलेतिहासात ही शैली अहमदनगर शैली या रूढ नावानेच ओळखली जाते.